महादरवाजावरचा सयाजी

कुडपणच्या पठारावर म्हशी राखून वाढलेला सयाजी अंगानं दांडगा आणि डोक्यानं तापट. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला होता, तिथं आईवरून शिवी दिली म्हणून मुकादमाचे दात पाडले आणि घरी बसला. त्याच सुमाराला सुधीरशेठनं महाडजवळ हमरस्त्याला लागून 'गडवैभव' बांधायला घेतलं. किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या इमारती: कोपऱ्यांना बुरूज, भोवती काळ्या दगडाची तटबंदी आणि पुढं हत्ती शिरेल एवढा महादरवाजा. दरवाजावर शेठला दोन मावळे हवे होते. सयाजीच्या मिशा बघून त्यानं पुढचं काही विचारलंच नाही.

दुसरा मावळा भिकू, पोलादपूरचा, पन्नाशीतला, किडकिडीत. अंगरखा त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसे. हातात दोघांच्याही भाले. पाती पत्र्याची, दांडे मात्र भरीव बांबूचे. सयाजीच्या बायकोला, तुळसाला, हसू आवरत नसे. "आवो, नाटकात काम मिळालं काय?"

तटबंदीचा दगड आपल्याच खाणीतून घ्यायचा, असा दम खाणवाल्या मुरारीनं शेठला दिला होता. शेठनं दगड बाहेरून आणला. एका दुपारी कामगार जेवायला बसले असताना मुरारीच्या दोन जीपगाड्या दरवाजासमोर येऊन थांबल्या. माणसं उतरली, प्रत्येकाच्या हातात सळई.

"बाजूला हो रं मावळ्या," मुरारी म्हणाला.

"आत माणसं जेवतायत. शेठला फोन करा, मंग या," भिकू शांतपणे म्हणाला आणि हात जोडून पुढं झाला.

मुरारीनं जोडलेल्या हातांवरच सळई घातली. भिकू वाकला, तशी दुसरी डोक्यात बसली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मुंडासं लाल होत गेलं आणि भिकू उंबऱ्यात आडवा झाला.

सयाजीला पुढचं नीट दिसलंच नाही. भाल्याचा दांडा दोन्ही हातांत धरून तो तुटून पडला. एकाचा जबडा निखळला, दुसऱ्याच्या बरगड्या मोडल्या. दांडा तुटला, तेव्हा त्यानं मुरारीचा गळाच धरला. मग मागून गुडघ्यावर घाव बसला. पडला तरी तो मुरारीच्या पोटरीला दातांनी लोंबकळत राहिला. सळया पाठीवर पडत होत्या. वर बुरुजावर शेठचं ऑफिस होतं. खिडकीत शेठ उभा होता. सयाजीनं त्याला बघितलं. शेठनं पडदा ओढला.

दवाखान्यात तो शुद्धीवर आला तेव्हा शेठ उशाशी बसला होता.

"सयाजी, मुरारीशी आमचं मिटलंय. दगड तोच देणार. तू पोलिसांना एवढंच सांग, तुम्ही दोघं परांचीवरून पडलात."

"भिकू कुठं हाय?"

शेठनं मान खाली घातली. "तो गेला."

सयाजीनं हातातली सुई उपसली आणि सलाईनची बाटली शेठच्या तोंडावर मारली. मग पोलीस आले, तेव्हा त्यानं सळईपासून पडद्यापर्यंत सगळं सांगितलं.

मुरारी काही महिन्यांत जामिनावर सुटला. साक्ष जवळ आली तशी त्याची तिघं माणसं कुडपणला चढून आली. सयाजी कुबडीवर अंगणात उभा होता. त्यांनी कुबडी लाथेनं उडवली, त्याला शेणात पाडलं आणि एकानं मानेवर पाय दिला. "कोर्टात तोंड उघडलंस तर बायकोला दरीत टाकू."

तुळसा गोठ्यातून कोयता घेऊनच बाहेर आली. ओरडली नाही, काही नाही. मानेवर पाय देणाऱ्याच्या दंडात तिनं कोयता असा घातला की तो हाडात रुतला. तो किंचाळला तसं अख्खं पठार धावून आलं. वाडीतल्या लोकांनी तिघांना गुरांसारखं झोडपलं आणि चौकीवर नेऊन घातलं. तुळसावरही गुन्हा दाखल झाला. "व्हऊ दे," ती म्हणाली, आणि रक्ताचं लुगडं बदलायला आत गेली.

महाडच्या कोर्टात सयाजी लंगडत पिंजऱ्यात चढला. मुरारीच्या वकिलानं विचारलं, "तुम्हीही मारामारी केलीत ना?"

"केली. आनखी दोघं हाती लागलं आसतं तर त्यांनाबी सोडलं नसतं. पन भिकूनं हात जोडलं हुतं साहेब. त्याला ह्यानं मारला." त्यानं मुरारीकडे बोट दाखवलं.

मुरारीला जन्मठेप झाली. शेठ पुरावा दडपल्याच्या खटल्यात अडकला, पण तो बाहेरच राहिला आणि गडवैभवचे फ्लॅटही विकले गेले.

निकालानंतर पोलीस मुरारीला जिन्यावरून खाली नेत होते. भिकूची बायको सुंदराबाई भिंतीला टेकून उभी होती. एकाएकी तिनं पायातली चप्पल काढली आणि मुरारीच्या तोंडावर मारत सुटली, गालावर, डोळ्यांवर, फुटलेल्या ओठावर. पोलिसांनी तिला आवरलं, पण जरा उशिरानंच.

तुळसानं तिला कवेत घेतलं. "चल गो बाय, घरी चल."

सुंदराबाई तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. सयाजी तिच्याजवळ उभा राहिला. त्यानं तिची जिन्यावर पडलेली चप्पल उचलून तिच्या पायापाशी ठेवली.