मोठी बाई

माझी लेक मराठीत बोलते, हे मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. लिफ्टची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. वहिनी एकदम म्हणाल्या, "काय सुंदर गोष्ट सांगते गो तुझी लेक. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. पुढे काय होतं त्या नोकराणीचं?"

कुठली नोकराणी, कसली गोष्ट, मला कशाचा पत्ता नव्हता. पण तसं कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. मी हसून म्हणाले, ते तुम्ही तिच्याच तोंडून ऐका, मी सांगितलं तर मजा जाईल. मग लिफ्टमध्ये त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. तळमजला येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आम्ही शारजात, अल नहदाला राहत होतो. खिडकीतून दिसायची ती दुबई, आणि मध्ये गाड्यांची न हलणारी रांग. नवरा दुबईच्या इन्व्हेस्टमेंट पार्कातल्या एका कारखान्यात, मी तिथल्याच देऱ्यातल्या एका शिपिंग ऑफिसात. सकाळी त्या रांगेतून जायचं, संध्याकाळी त्याच रांगेतून घरी यायचं. लेक नववीत होती. शाळेची बस तिला दुपारी सोडायची आणि मी येईपर्यंत ती वहिनींकडे असायची. वहिनी मालवणकडच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान लांब रुवैसच्या रिफायनरीत. गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने यायचे, शुक्रवारच्या सुट्टीत भरपूर मासे खाऊन परत जायचे. बाकीचा आठवडा वहिनी एकट्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि हिंदी भाजीवाल्यापुरती. लेकीला गरम जेवण मिळायचं, त्यांना सोबत मिळायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट त्यांचे उपकारच मानत होते मी, लिफ्टमधल्या त्या सकाळपर्यंत.

माझ्या मराठीची हकीकत इथे सांगायला हवी. मी कोल्हापूरकडची. आमच्या गावात बायकाही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. लग्न होऊन पुण्याच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "माझं झालं, मी जेवलो." सगळं घर इतकं हसलं की ते बोलणं मी घासून घासून काढून टाकलं. राग आला की मात्र ते कुठून तरी उसळून वर यायचं. लेक लहान होती तेव्हा माझं ऐकून ती "मी झोपतो" म्हणायची, आणि नवरा काही बोलायच्या आत मीच तिला दटावायचे. झोपतो नाही, झोपते म्हण. तू मुलगी आहेस. असं दिवसभर चालायचं. शाळेत जायला लागल्यावर तिने त्यातून आपली वाट काढली. आय ॲम गोइंग टू स्लीप. इंग्रजीत तो-तीची भानगडच नाही. तेव्हापासून मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मी सुट्टीहून येताना बॅगेत गोष्टींची पुस्तकं भरून आणली. घरात मराठीच बोलायचं असा हुकूम काढला. हुकूम निघाला की ती बोलणंच बंद करायची.

आणि तीच पोरगी शेजारी बसून मराठीत अख्खी कादंबरी सांगत होती.

त्या संध्याकाळी कणीक मळता मळता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काकूंना काय सांगतेस गं रोज? "नथिंग, आई. इट्स जस्ट अ बुक." शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक होतं. शेकडो वर्षांपूर्वीचा कुणी डच चित्रकार आणि त्याच्या घरी कामाला असलेली एक मुलगी. एवढी माहिती काढायलासुद्धा मला चार प्रश्न विचारावे लागले.

"मग मलाही सांग की," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे खरोखरच नवलाने पाहिलं. "बट यू कॅन रीड इंग्लिश, आई. काकू कान्ट."

उत्तर बिनतोड होतं म्हणूनच जास्त झोंबलं. त्या दिवशीच्या पोळ्या माझ्या हातून वातड झाल्या. शिकले, इंग्रजीत नोकरी केली, त्याची मला ही शिक्षा. वहिनींना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांना माझी लेक मिळाली.

मग मी ते पुस्तक वाचलं. शुक्रवारी दुपारी ती मैत्रिणीकडे गेली की काढायचं आणि ती यायच्या आत दप्तरात जसंच्या तसं ठेवायचं. पुस्तकातला चित्रकार माणसांची चित्रं काढत नाही. त्याला वस्तू आवडतात. मासे, अर्धं सोललेलं लिंबू, कथलाचा चकचकीत जग, सुरकुतलेला टेबलक्लॉथ. ही कामाची मुलगी बाजारातून मासे आणते आणि टेबलावर मांडून ठेवते, आणि तिची मांडणी त्याला अशी काही पसंत पडते की पुढे तीच सगळं मांडायला लागते. चित्र पूर्ण होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. आणि एक दिवस चित्रातल्या त्या कथलाच्या जगाच्या फुगीर पोटावर, प्रतिबिंबात, एक इवलीशी पांढरी टोपी उमटते. ज्याने कधी माणूस काढला नाही त्याने तिला काढलेलं असतं. घरात ते कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त त्याच्या बायकोच्या येतं.

ही बायको पुस्तकात जवळजवळ बोलतच नाही. जिने चढते, जिने उतरते, चित्राच्या खोलीच्या बंद दाराबाहेर उभी राहते आणि परत फिरते. लेखकाने सगळी माया त्या नोकराणीवर उधळली होती. मी मात्र पहिल्या पानापासून बायकोच्या बाजूने होते, आणि का ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वहिनींना वाटत होतं की घरी आम्ही मायलेकी रोज याच गोष्टीवर बोलतो. त्यामुळे भेटतील तिथे त्या मला गोष्टीत ओढायच्या. नोकराणीइतकीच त्यांना माशांची काळजी होती. "एवढा ताजा मासा टेबलावर ठेवून सडवायचा? त्याला म्हणावं, आधी तळून खा, मग काढ चित्र." एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या एकट्याच हसत सुटल्या. मी कारण विचारलं. सुरुवातीला त्यांना गोष्ट काही केल्या कळतच नव्हती. लेक नोकराणीलाही बाई म्हणायची आणि चित्रकाराच्या बायकोलाही बाई. आमच्या घरी फरशी पुसायला येते ती बाई, आणि मी आणलेल्या जुन्या पुस्तकांतून घरची मालकीण तीही बाई. लेकीने दोन्ही उचललं होतं. वहिनींच्या मनात मग एकच बाई उभी राहिली. तीच मासे आणते, तीच फरशी घासते, तीच रेशमी झगा घालून पाहुण्यांना सामोरी जाते.

"मी म्हटलं, केवढी कामसू बायको मिळालीय त्याला," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "आणि मग बाई बाईवर जळायला लागली. मला वाटलं बिचारीला वेड लागलं, स्वतःच स्वतःवर जळतेय."

शेवटी दोघींनी मिळून तोडगा काढला होता. बायको ती मोठी बाई, नोकराणी ती कामाची बाई. या घोळावर माझी लेक म्हणे सोफ्यावर लोळून लोळून हसली होती. मीही वहिनींबरोबर हसले. चिमटे लावून झाल्यावर आत येऊन पंख्याखाली बसले, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. माझी लेक लोळून हसते कशी, हे मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मला वहिनींचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही, शाळेत मैत्रिणीच्या नव्या फ्रॉकचा वाटतो तसला, डोळ्यांत पाणी आणणारा. त्यांच्या माशांच्या वासाच्या घराचा, त्या सोफ्याचा, त्यांना येत नसलेल्या इंग्रजीचासुद्धा.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, चांगलं आहे की, फुकटात मराठी शिकतेय. मी म्हणाले, वहिनींकडून शिकतेय. तो म्हणाला, मग बिघडलं काय? पुरुषांशी बोलण्यात अर्थ नसतो. पण माझ्या मनाने ते घेतलंच होतं. जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते वहिनींनी भात आणि आमटी वाढता वाढता करून टाकलं. आता पोरीच्या तोंडी मालवणी हेल येईल, ती "गो" म्हणेल, आणि लोक विचारतील की मुलगी कोकणातली का. मी सारखी कान देऊन असायचे की तिच्या इंग्रजीत एखादा तरी वहिनींचा शब्द सापडतोय का. सापडत नव्हता, तरी मला तो ऐकू यायचा.

असं चाललेलं असताना रमजान लागला. ऑफिसं लवकर सुटायला लागली. पहिल्याच दिवशी दुपारी आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, घड्याळाकडे बघून म्हणाला, "खलास, यल्ला, घरी जा सगळे," आणि मी उन्हं असतानाच अल नहदाला पोचले.

वहिनींना बंद दाराचा जाच व्हायचा. वॉचमन ओरडायचा, एसी बाहेर जातो म्हणून. तरी त्या दाराच्या फटीत तांदळाची पिशवी लावून ठेवायच्या. मी लिफ्टमधून बाहेर आले तर त्या फटीतून माझ्या लेकीचा आवाज येत होता. मी किल्ली पर्समध्येच ठेवली. मराठी. सलग, न अडखळता, मध्येच एखादा इंग्रजी शब्द आला तर त्याला झटकून पुढे जाणारी मराठी. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

जगाच्या पोटावरची ती पांढरी टोपी मोठ्या बाईला दिसली होती. पुस्तकात या जागी बायको एक अक्षर बोलत नाही, चित्रावर कापड टाकते आणि खाली निघून जाते. मी ते पान दोनदा वाचलं होतं. पण लेकीची मोठी बाई बोलायला लागली, आणि तिचा आवाज ऐकून माझी पर्स खांद्यावरून घसरली.

"ह्या घरात मला कोण काय सांगतंय व्हय? मी कोण हाय हितं? ऱ्हावा तुम्ही सगळी सुखानं. मी जातो माहेराला."

हे माझं होतं. शब्द, हेल, "व्हय"वरचा झटका, सगळं. दोन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघरात मी भांडी आपटत नवऱ्याला हेच ऐकवलं होतं, तेव्हा ती हेडफोन लावून अभ्यास करत बसली होती.

"जाते म्हण गो," वहिनी आतून म्हणाल्या. "बाईमाणूस ना ती?"

"नाही काकू," माझी लेक म्हणाली. "ती रागावली की जातो म्हणते. आई म्हणते तसं."

वहिनी हसल्या. मला कानशिलांपर्यंत तापल्यासारखं झालं. रागाने की कशाने, ते तेव्हा मला कळत नव्हतं. मालवणी हेल शोधत मी महिनाभर कान टवकारून बसले होते आणि पोरीने माझीच भाषा उचलली होती. मी शिकवलेली नव्हे, मी टाकून दिलेली. आणि ती दिली कुणाला, तर त्या जळणाऱ्या बाईला. बरं, त्यात चूकही काढता येत नव्हती.

मी दार ढकललं. पिशवी सरकली. दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मध्ये शेंगदाण्यांची वाटी. लेकीने मला पाहिलं आणि क्षणात तिचा चेहरा बदलला, घरचा झाला. "हाय आई. यू आर अर्ली."

"व्हय," मी म्हणाले. "आलो लवकर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता ही पुस्तक मिटणार, दप्तर उचलणार आणि लेट्स गो म्हणणार. तरी मी विचारलं, "मग? गेली का ती माहेराला?"

लेकीने पुस्तकाकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"कुठली जाती?" ती म्हणाली. "दारात हुबी ऱ्हाऊन ऐकती."

वहिनी हसून हसून खोकायला लागल्या. त्यांनी शेंगदाण्यांची वाटी माझ्यापुढे केली आणि मला बस म्हणाल्या, पण स्वतः जागच्या हलल्या नाहीत. लेकीच्या शेजारची जागा त्यांचीच होती. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.