राखेच्या मडक्यातलं नॉझल

विहिरीवरचं इंजिन जरा वेगळं खोकलं, की निंबा मिस्त्रीचा घास हातातच थांबायचा. मळा गावापासून पाऊण मैल लांब. पण वारा त्या बाजूचा असला तर घरच्या ओट्यावर बसून त्याला इंजिनाचे ठोके मोजता येत. "पट्टा घसरतोय," असं म्हणून तो ताटावरून उठायचा, आणि मंजुळाबाई, त्याची बायको, मागून म्हणायची, "त्याले पडसं झालं का तुम्हाले ताप येतो."

निंबा रावेरपासून चार मैलांवरच्या एका गावचा. भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात सात वर्षं त्यानं फिटरकी केली. तिथून तो गावी परतला तो गावातल्या बागाईतदार लीलाधर नानांच्या शब्दाखातर. नानांनी एकोणीसशे पस्तीस साली आपल्या विहिरीवर आठ घोड्यांचं जर्मन इंजिन बसवलं, मोटेचे बैल विकून टाकले आणि तीन हजार केळी लावली. गाव हसलं. सगळ्यांत जास्त हसला शेजारच्या मळ्यातला कौतिक. तो म्हणाला, "नाना, बैल मेला तं कातडं तरी हाती येतं. हे मेलं तं काय येईन?"

"हे मरनार नाही. निंबा शे," नाना म्हणाले होते.

तीन वर्षं ते वाक्य निंबानं देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं.

इंजिनापायीच त्याला वर्तमानपत्राचा नाद लागला. मुंबईचा अंक आगगाडीनं एक दिवस शिळा होऊन रावेरला यायचा आणि संध्याकाळी गावच्या पारावर निंबा तो मोठ्यानं वाचायचा. लोकांना कापसाचा भाव ऐकायचा असे. निंबा मात्र आधी परदेशचं पान उघडी. जर्मनी, विलायत, अमेरिका ही बाकीच्यांना नावंच होती. निंबाला ती सुट्या भागांची गावं होती. पिस्टनच्या रिंगा कुठून येतात, तेलाचं पिंप कुठून येतं, हे त्याला ठाऊक होतं.

अडतीसच्या भादव्यात बातम्या बिघडल्या. जर्मनीला शेजारच्या देशाचा लचका हवा होता. लंडनच्या बागांतून खंदक खणले जात होते, लोकांना विषारी वायूचे मुखवटे वाटत होते. निंबानं ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जळगाव गाठलं. तिथल्या इंजिनवाल्या व्यापाऱ्याकडे त्या जातीच्या इंजिनाचं एकच नॉझल शिल्लक होतं. नॉझल म्हणजे बोटाएवढी पोलादी तोटी. तिच्या टोकाला केसासारखी भोकं. त्यांतून तेलाचा फवारा उडाला तर इंजिन चालतं, फवाऱ्याची धार झाली की बंद पडतं. ती तोटी भुसावळला तर सोडाच, मुंबईलाही बनत नव्हती. निंबानं ती घेतली आणि परतीच्या गाडीत मांडीवर धरून बसला.

तो घरी पोचतो न पोचतो तोच पेपरात आलं की चौघे पुढारी एकत्र बसले, सही झाली, लढाई टळली.

पारावर हशा पिकला. कौतिक म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही जळगावले गेले म्हनूनच भ्यायला तो जर्मनीवाला!"

 त्या हशानं निंबाचं तोंड बंद झालं ते घरातही. नॉझल कुठं ठेवायचं? पावसाळी हवेनं पोलाद गंजतं. त्यानं ते तेलात बुडवलं, मेणकापडात गुंडाळलं, चामड्याच्या तुकड्यात घालून दाभणानं चारी बाजूंनी शिवून टाकलं, आणि घरातल्या उतरंडीतलं गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, बियांचं मडकं उघडलं. बी राखेत ठेवलेलं होतं. राखेत ओल शिरत नाही. बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि निंबाला ते कारखान्यात शिकल्यासारखं पटलं. पुडकं त्यानं राखेत तळाशी दाबलं, मडक्याचं तोंड पुन्हा शेणानं लिंपलं. बायकोला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं की ते पाणवठ्यावर जाणार, पाणवठ्यावरून पारावर, आणि पारावर कौतिक बसलेलाच.

ठेवलेल्या बियाण्याला अवेळी हात लावू नये, अशी घराची रीत. तीही त्यानं पाळली.

एकोणचाळीस साल उजाडलं ते आदल्या सालची ती सही पुसतच. जर्मनीनं शेजारचा तो सगळा देश गिळला. इंग्लंडनं पोलंडला पाठीशी राहण्याचं वचन दिलं. इटलीनं समुद्र ओलांडून अल्बानिया घेतला. चैत्राच्या शेवटी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जर्मनीला पत्र धाडलं, की या एकतीस देशांना दहा वर्षं तरी हात लावणार नाही असं कबूल करा. उत्तर आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, आठवड्यात मिळणार होतं.

"दहा वर्ष भांडनार नाही आसं लेहून मांगतो?" कौतिक म्हणाला. "माह्या घरची दहा दिसाचं लेहून देत नाही!"

पार हसला. निंबाही हसला. दुसऱ्याच दिवशी इंजिनानं काळा धूर ओकला, तीन आचके दिले आणि ते थांबलं.

निंबानं नॉझल काढून पाहिलं. बारीक तारेनं भोकं साफ केली, तोंडानं फुंकून पाहिलं, भिंगातून पाहिलं. टोकाला केसाएवढी चीर गेली होती. चिरेला उपाय नाही.

बागेत घड निसवले होते. वैशाखाचं ऊन तोंडावर. घड लागलेल्या केळीला रावेरच्या उन्हाळ्यात पाणी तुटलं की पान आधी मिटतं, मग दांडा मऊ पडतो, आणि मग झाड घडासकट कमरेतून मोडतं. नानांनी इकडून तिकडून दोन मोटा मागून आणल्या. त्यांनी चौथाई बाग कशीबशी ओली होत होती.

"किती दिवस?" नानांनी विचारलं.

"सात-आठ दिवस दम धरीन बाग," निंबा म्हणाला. मग खालच्या आवाजात, "नाना, फिकीर करू नका. माह्याजवळ दुसरं शे."

घरी येऊन त्यानं उतरंड खाली उतरवली. गव्हाचं मडकं, मुगाचं, भेंडीचं, दुधीचं. गिलक्याच्या जागी कोरं मडकं होतं. आत मेथीदाणे.

"गिलक्याचं मडकं कुठी गेलं?"

मंजुळाबाई आखाजीसाठी ओटा सारवत होती. तिनं मान वर केली नाही. "ते काबरं पाह्यजे? देल्लं."

"देल्लं? कोनाले देल्लं?"

"बेबाअक्काले. भाऊबीजेले आल्या व्हत्या, बी मांगतलं. सवाशीन बी मांगते तं कोनी नाही म्हनतं का? राखीतून उपसलं का बी नासतं, म्हनून मडक्यासगट देल्लं."

निंबा उतरंडीच्या चुंबळीवरच बसला. कपाळाला हात लावून त्यानं सगळं सांगितलं. खंदक, मुखवटे, जळगाव, मेणकापड. मंजुळाबाईच्या हातातलं शेण वाळत चाललं तरी ती ऐकत राहिली.

"म्हंजे," ती शेवटी म्हणाली, "जर्मनीले माहीत, विलायतले माहीत, अमेरिकेले माहीत. फकत मले नाही."

निंबा उठून मडकी पुन्हा एकावर एक रचू लागला.

"आन्‌ अजून एक सांगू? आखाजी परवावर आली. गावातल्या बठ्ठ्या लेकी आल्या. अक्काले आनाले मुऱ्हाळी कोन गेलं? इंजिन, पेपर, इंजिन, पेपर. बहिनीकडे गेले असते तं चार दिस आधीच कळलं असतं."

हे मात्र खरं होतं. आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला भावानं मुऱ्हाळी म्हणून जायचं, ही खानदेशातली रीत. इंजिन आणि पेपर यांपायी निंबाला ती आठवलीच नव्हती. बेबाअक्का त्याची मोठी बहीण, नशिराबादला दिलेली. आई गेल्यापासून तीच त्याची आई.

पहाटेच्या गाडीनं तो भुसावळला गेला, तिथून भादलीला उतरून नशिराबादेपर्यंत चालत. वाटेत एकाच गोष्टीचा विचार. मडक्यातलं बी माघातच पेरलं असणार. राख उकिरड्यावर गेली असणार. आणि राखेसोबत ते पुडकं. आणखी एक नॉझल मागवावं म्हणून त्यानं लिहिलं होतं, पण व्यापाऱ्याचं कार्ड महिन्यामागंच आलं होतं: मुंबईला माल नाही, युरोपातली परिस्थिती पाहता पुढच्या बोटीचं सांगता येत नाही.

अक्का दारातच बसून गहू पाखडत होती. भावाला पाहून तिनं सूप थांबवलं नाही.

"आला का? मले वाटलं, मुऱ्हाळी धाडाचं पोस्टानं धाडशीन."

"अक्का, चुकलं."

"शेजारची दगडाबाई चार दिसाआधी गेली. तिचा भाऊ आंधळा शे, तरी आला."

"अक्का, तुह्या पाया पडतो, पन आधी एक सांग. गिलक्याचं मडकं..."

"पाह्य! बहिनीसाठी नाही आला, मडक्यासाठी आला!"

पण तिनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मग म्हणाली, "मागं ये. तुह्या बियाचं सोनं झालं."

परसात न्हाणीच्या पाण्यावर गिलक्यांचा मांडव लवला होता. हात-हात लांब गिलकी लोंबत होती, पिवळ्या फुलांवर भुंगे. आणि मांडवाच्या मधोमध, लाल दोऱ्याला बांधलेलं, चारी बाजूंनी शिवलेलं चामड्याचं एक पुडकं वाऱ्यावर फिरत होतं.



"हे मडक्यात निंघालं," अक्का सांगू लागली. "मी म्हटलं, मंजुळा मोठ्या मनाची. बियासंगं ताईत बी देल्ला, नजर लागू नये म्हनून. उघडला नाही. ताईत उघडत नसतात. बांधला वर. अन्‌ पाह्य, कसा मांडव आला! साऱ्या गल्लीत अशी गिलकी नाही."

निंबा हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का घाबरली. मग त्यानं सांगितलं, नानांची बाग, चीर गेलेलं नॉझल, मोटा. अक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे हा ताईत नाही?"

"नाही, अक्का."

"मंग गिलकी काबरं आली?"

"न्हानीच्या पान्यानं आली."

अक्काला ते पटलं नाही. तिनं पुडकं सोडलं, पण भावाच्या हाती दिलं नाही. कमरेला खोचलं. "मी येते. माहेरी मी, संगं हे. हे एकटं जानार नाही."

गाडीत बसल्यावरही ते तिच्या मुठीत होतं. भुसावळला एका बाईनं विचारलं, "काय शे वं मुठीत?" अक्का म्हणाली, "जर्मनी."

उतरत्या उन्हात दोघं थेट मळ्यात गेली. बागेची पानं हात जोडल्यासारखी मिटलेली. नाना बांधावर बसले होते.  कौतिक स्वतःचे बैल घेऊन मोट हाकत होता. हसणारा तो, पण बैल मागितल्यावर पहिल्यांदा आणले त्यानंच.

निंबानं टाके उसवले. मेणकापड उलगडलं. नॉझल कोरं होतं, तेलानं चमकत होतं. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. त्यानं ते बसवलं, नळीतली हवा काढली, पंपात बादलीनं पाणी भरलं. हँडल हातात घेतलं आणि चाक फिरवू लागला. एक, दोन, तीन, वेग आला तसा त्यानं दाबाचा खटका पाडला.

इंजिन एकदा खोकलं.

कौतिकनं बैल थांबवले.

मग ठोका पडला. दुसरा पडला. पांढरा धूर, मग निळसर, मग धूरच दिसेनासा झाला, आणि पाइपाच्या तोंडातून आधी वारा, मग फेस, मग मांडीएवढी पाण्याची धार हौदात कोसळली. पाटानं पाणी धावलं, पहिल्या ओळीत शिरलं, तहानलेल्या मातीनं ते पिताना केलेला चर्र आवाज सगळ्यांनी ऐकला. नाना उठले. पाटात उतरून त्यांनी दोन्ही ओंजळींनी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि बराच वेळ तोंड पुसलंच नाही.

"निंबा," ते एवढंच म्हणाले, "आखाजीले तुह्या घरची सांजोरी मी खाईन."

मोडली ती चाळीस-पन्नास झाडं. बाकी बाग उभी राहिली.

आखाजी झाली. घरात पितरांची घागर भरली, अक्का मंजुळाबाईसोबत झोक्यावर बसून गाणी म्हणाली. आठवड्यानं पारावर पेपर आला. जर्मनीनं अमेरिकेच्या पत्राची दोन-अडीच तास भाषण करून टर उडवली होती. इंग्लंडात तरुणांना सक्तीनं लष्करात घेणार होते. निंबानं सगळं वाचलं. 

"मंग आता?" कौतिकनं विचारलं.

"आता काय. लढाई व्हईन," निंबा म्हणाला. "पन आपलं पानी चालू शे."

लढाई झालीच, आणि सहा वर्षं चालली. त्या सहा वर्षांत तेल मिळेना, पट्टे मिळेनात, कित्येक विहिरींवरची इंजिनं गंजून गेली. नानांचं चाललं. कुठला भाग कुठं ठेवला आहे हे निंबा आता मंजुळाबाईला सांगून ठेवायचा, आणि ती एखाद्या कोठावळ्यासारखी विचारायची, "वॉशर कोन्त्या मडक्यात? मुगाच्या का भेंडीच्या?"

त्या आखाजीनंतर अक्का सासरी परत निघाली होती तेव्हा गाडीला वेळ होता. तिनं भावापुढं हात पसरला.

"माह्या मांडवावरचं?"

निंबाला हे ठाऊक होतं. त्यानं खिशातून पुडकं काढलं. तेच चामडं, तोच लाल दोरा, चारी बाजूंनी नव्यानं शिवलेलं. आत चीर गेलेलं जुनं नॉझल होतं.

अक्कानं ते हातावर तोलून पाहिलं. "वजन तेच शे," ती म्हणाली, आणि कमरेला खोचून गाडीत चढली.

त्या साली पावसाळ्यापर्यंत नशिराबादहून गिलकी येत राहिली.