आमचा नसलेला डबा

तेवीस वर्षं नागपूरच्या हवामान कचेरीत फुगे सोडले. फुगा वर जातो, किस्सा खाली येतो. इतके किस्से खाली आले की डोक्यात जागा उरली नाही, म्हणून कागदावर उतरवतो. मी चौथी नापास. चुका दिसल्या तर गप वाचा!

रोज पहाटे गॅस भरलेला पांढरा फुगा सोडायचा. त्याला हवा मोजायचा डबा अन् एक छोटी कापडी छत्री बांधलेली. वर फुगा फुटला की डबा कोणाच्या तरी वावरात उतरे. डब्यावर छापलेलं असे, 'घाबरू नका, परत आणून द्या.' अन् लोक आणत! एका बाबानं डबा आणला, छत्री नाही. विचारलं तर म्हणे, "नातवाच्या पाळण्यावर बांधली जी. इतक्या वरून आली, हवा थंडी देते!"

*

मेश्राम साहेब आमचे निरीक्षक. आकाशाचं वेड. त्यांनी मला शिकवलं, "काही चमकलं की मोज. तीनच्या आत विझलं तं तुटता तारा. सावकाश जाऊन राहिलं, तुकडे होऊन राहिले, अन् तू पन्नासच्या पुढं गेला, तं समज रॉकेटचा जळता टप्पा."

"मले शंभरपर्यंतच येते."

"शंभरच्या पुढं गेलं तं मले हाक मार!"

*

अमेरिकेनं वर सोडलेलं घराएवढं धूड आकाशातून पडणार, आता कोणी वाचत नाही म्हणून सगळा मुलूख हादरला होता, तेव्हाची गोष्ट. ते पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक शेतकरी धावत कचेरीत आला. "कोठं पडलं साहेब?"

"दूर, समुद्राकडं."

माणूस मटकन खाली बसला. "मंग आम्ही साऱ्या कोंबड्या काहून खाल्ल्या?"

*

पुढं एका हिवाळ्यात, पहाटे, फुगा हातात धरून मी उभा, डबा बांधायचा बाकी, मेश्राम साहेब दारात. पश्चिमेकडून एक निखारा निघाला. एक, दोन, तीन... विझेना. वीसवर फुटला. एकाचे सात झाले, प्रत्येकाला शेपूट, सगळे एका ओळीत, एका चालीनं. आवाज काहीच नाही! एवढं मोठं काही जळतं अन् कुत्रंसुद्धा भुंकत नाही? साठ... सत्तर... ब्याऐंशीवर पूर्वेला मावळलं.

मग हाताकडं पाहिलं. हात मोकळा! फुगा डब्याविनाच गेला होता.

मेश्राम साहेबांनी रजिस्टरात खरं तेच लिहिलं, 'रॉकेटचा टप्पा पाहताना फुगा सुटला.' वरच्या कचेरीतून उलटं पत्र आलं. पुरावा द्या, नाहीतर फुगेवाला नशेत होता असं धरून त्याला कामावरून काढू.

साहेबांनी उत्तर धाडलं, 'मीही पाहिलं. मीही प्यालो नव्हतो.'

*

चौकशीला मोठे साहेब आले. बूट चकचकीत. पेन उघडून मला म्हणाले, "शेवटचं विचारतो. पुरावा आहे?"

"डोये आहेत ना जी माहे!"

"डोळे फाइलीला लावता येत नाहीत."

तेवढ्यात दारात एक म्हातारी. पारशिवनीकडून एस.टी.नं आलेली, डोक्यावर टोपलं. टोपलं तिनं थेट टेबलावर ठेवलं अन् वरचं लुगडं काढलं.

आत टरबुजाएवढा धातूचा गोळा. करडा, एका बाजूनं भाजलेला, तोंडाशी वितळलेला. मेश्राम साहेबांनी एका हातानं उचलला, इतका हलका! मी कानस आणून घासली. कानस सरकली, ओरखडा नाही. "रॉकेटची टाकी आहे ही," मेश्राम साहेब म्हणाले.

मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग खाली वाकून बूट काढले, अन् अनवाणी टेबलाजवळ गेले.

म्हातारी आम्हा तिघांकडं पाहून वैतागली.

"पाहून काय राहिले गा? तुमचाच डबा, आणून देला. पुढच्या खेपेले सोडान तं जरा बाजूनं सोडा. तिकडं माही मिरची आहे!"