सोमवारची दाढी

दारू सोडलेल्या माणसांची एक गंमत असते बघा. पिताना काय काय केलं ते त्यांना आठवत नाही, आणि सोडल्यावर तेच सांगायला बसले की थांबत नाहीत! आमची मीटिंग दर सोमवारी दुपारी तासगावच्या बाहेर, बापूंच्या बेदाणा शेडमध्ये भरते. चहा माझ्याकडं. पाणी उकळेपर्यंत एक किस्सा होतो, गाळेपर्यंत दुसरा. कपापेक्षा किस्से जास्त झालेत आता.

मला एक खोड आहे. नवा माणूस आला की मी हळूच विचारतो, "गड्या, सोडावी असं नेमकं कशानं वाटलं रं?" आपल्याला वाटतं, बायको रडली असंल, डॉक्टरनं दम दिला असंल. ते असतंच. पण माणूस हलतो तो भलत्याच गोष्टीनं!

*

आता बापूंचंच घ्या. द्राक्षबागायतदार माणूस, शेड त्यांचीच. हंगामात एका दुपारी पिऊन आले आणि द्राक्षं वाळत घालायच्या खालच्या जाळीवर आडवे झाले. तेवढ्यात ट्रॅक्टर भरून माल आला. कामावरच्या बायकांनी हाका मारल्या, हलवून बघितलं. मालक काही उठेनात. मग त्या बिचाऱ्यांनी काय करावं? मालकांना सोडून चहूबाजूंनी द्राक्षं पसरली!

संध्याकाळी बापू उठले आणि मागं वळून बघितलं. सगळी जाळी हिरवीगार, आणि मधोमध हातपाय पसरलेल्या माणसाएवढी मोकळी जागा.

माल वाळेपर्यंत बापू रोज येऊन त्या जागेकडं बघत बसायचे. मला म्हणाले, "चाचा, एक एक द्राक्ष कामाला लागलं व्हतं. मी तेवढा रिकामा!"

*

मला लोक उलटं विचारतात, "चाचा, तुमी कशी सोडली?"

माझा धंदा गाद्या भरायचा. एकदा गिऱ्हाइकाच्या अंगणात पिऊन शिवत बसलो होतो. गादी झाली, दोरा तोडला, उठायला गेलो तर गादी माझ्याबरोबर उठली. सदऱ्याची बाही आत शिवलेली! घरातली बाई दारातनं बघत होती. हसली नाही, रागावली नाही. सरळ विचारलं, "चाचा, गादीबरोबर तुमी बी ऱ्हानार हाय का?"

त्या दिवसापासनं थेंब नाही.

*

आमच्या मीटिंगचा नियम एकच. इथं कोण येतं ते बाहेर बोलायचं नाही. प्रकाश एसटीत कंडक्टर. त्यानं हा नियम इतका पाळला की घरातसुद्धा सांगितलं नाही. बायकोनं विचारलं, सोमवारी दुपारी कुठं जाता? तर गडी म्हणतो, "प्यायला!"

मी म्हटलं, "अरं बाबा, असं का सांगितलंस?"

"चाचा, प्यायला जातो म्हटलं की ती पुढचं इचारत न्हाई. सवय हाय तिला. मीटिंगला जातो म्हटलं तर लय इचारील!"

तिसऱ्या सोमवारी ती माउली त्याच्या मागोमाग आली. शेडचं दार ढकललं, हातात चप्पल. आत बघते तर सात बापे गोल बसलेले, पुढं चहाचे कप, आणि तिचा नवरा डोळे पुसत बोलतोय. चप्पल खाली आली. मग म्हणाली, "आवं, पीत व्हता तवा निदान हसत तरी व्हता!"

पुढच्या सोमवारी डब्यातनं भजी पाठवली. आमच्या सगळ्यांना पुरतील एवढी.

*

मग आला दत्ता. सलूनवाला. बाप आणि आजा दोघांनी या भागातल्या चार गावांची दाढी केलेली, असलं घर. सोडून आठवडा झाला होता. औषध चालू होतं. पण चहाचा कप धरला की बशी वाजायची.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "चाचा, कशानं सोडली ते ऱ्हाऊ द्या. पुन्हा का धरीन ते सांगतो. पिली की हात थांबतो. सोडली की वस्तरा थरथरतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, माझा हात बघतं आणि उठून जातं. हात बसला न्हाई तर मला त्या बाटलीकडंच जावं लागंल. दुसरं काय येतंय मला?"

डॉक्टर म्हणाले होते, हात बसंल, थोडा वेळ जाईल. पण तोवर हाताला काम पाहिजे ना! आणि गळा कोण देणार?

बापू म्हणाले, "आपण देऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. ठरलं की आठवडाभर कुणी दाढी करायची नाही, सोमवारी सलून बंद असतं तेव्हा दत्तानं पेटी घेऊन शेडमध्ये यायचं.

सोमवार आला. दत्तानं वस्तऱ्याला नवं पान लावलं आणि विचारलं, "कोण बसतंय?" सगळे शेडच्या पत्र्याकडं बघायला लागले! बापूसुद्धा.

मग मीच बसलो. उजवा गाल झाला तोवर तीन ठिकाणी रक्त. दत्ता वस्तरा खाली ठेवून रडायलाच लागला.

मी म्हटलं, "दत्ता, डोळं पूस बाबा. डावी बाजू ऱ्हायलीय अजून."

*

असे दोन महिने गेले. प्रत्येक सोमवारी सात दाढ्या. आधी तीन कापे, मग दोन, मग एखादा. आमच्यात कापे मोजायची शर्यतच लागली!

पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही. एवढं गुपित पाळणारी माणसं आम्ही. शेडमधनं एकेकटे निघायचो, वेगवेगळ्या वाटांनी घरी जायचो.

एक दिवस स्टँडजवळच्या चहावाल्यानं मला थांबवलं. "चाचा, एक इचारू का? आज सोमवार. गावातली समदी सलूनं बंद. मग तुमी, बापू, परकाश, समदी दर सोमवारी संध्याकाळी गुळगुळीत कशी असता?"

सगळं गाव दर सोमवारी आमचे गाल मोजत होतं, आणि आम्हाला पत्ताच नाही!

तीन आठवड्यांनी शेडच्या दारात तोच चहावाला उभा. दाढी वाढलेली. खाली बघत म्हणाला, "दाढी करायची व्हती."

मी नववा कप धुवायला घेतला.

*

आता शेवटचं सांगतो. हे मला अजून नीट कळलेलं नाही.

शेजारच्या गावात एका बागायतदाराच्या पोराचं लग्न निघालं. त्या घरात नवरदेवाची दाढी दत्ताच्याच घरच्यांनी करायची, ही जुनी रीत. गाद्या माझ्याकडनं गेल्या होत्या, म्हणून मीही सकाळी तिथंच.

अंगणात पाटावर नवरदेव, भोवती पाव्हणे, मोबाईल वर धरून पोरंटोरं. दत्ता पेटी उघडून बसला. एवढ्या माणसांत पहिल्यांदाच. मी त्याच्या हाताकडंच बघत होतो.

नवरदेवाचा बाप घरातनं आला. हातात अर्धा ग्लास. वाकून म्हणाला, "दत्ता, घे एवढी. तुझ्या हाताचं मला ठावं हाय. आज पोराच्या तोंडावर खूण नगं. फोटो व्हायचंत."

दत्तानं ग्लास घेतला. नाकाजवळ गेला ग्लास, एवढं मी बघितलं. मधी करवली आडवी आली. ती बाजूला झाली तेव्हा ग्लास साबणाच्या वाटीत उपडा पडला होता.

"दुसरा आनू का?" बाप म्हणाला.

"नगं. भागंल एवढ्यात," म्हणून दत्तानं त्याच वाटीत ब्रश फिरवला, फेस केला, आणि नवरदेवाच्या गालाला लावला!

दाढी झाली. एक ओरखडा नाही.

पुढं मांडवात नवरीचा मामा नवरदेवाच्या गळ्यात पडला आणि दचकून मागं सरला. "आवं, नवरदेवाच्या तोंडाला वास येतोय!" एकच गलका. नवरदेव ज्याच्या त्याच्या तोंडावर फुंकर मारत सुटला. आणि त्याचा बाप हात जोडून सगळ्यांना सांगतोय, "देवाशपथ सांगतो पाव्हणं, आमच्या घरात दारूचा थेंब येत न्हाई!"

पुढच्या सोमवारी दत्ता माझी दाढी करायला बसला. मला राहवेना. मी विचारलं, "दत्ता, खरं सांग. ग्लास सांडला का ओतलास?"

"हात थरथरला, चाचा," तो म्हणाला.

आणि माझी हनुवटी वर करून त्यानं गळ्यावरनं वस्तरा एका दमात कानापर्यंत नेला.