चार माणसांची होडी

नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार, सकाळचे सव्वादहा. ठिकाण नेदरलँड्स. हजर: मी, माझा नवरा आणि तिकडे नोकरी करणारी आमची मुलगी. जावई कामावर, म्हणून गैरहजर. सोबत पोळीभाजीचे तीन डबे, पाण्याच्या दोन बाटल्या, नवऱ्याची बीपीची गोळी आणि माझी वही.

ही वही नेहमीच असते. मालवणात आमच्या घरी पर्यटकांसाठी पाच खोल्या आहेत आणि त्या चालवायच्या तर सुरमई कधी संपली आणि कुठल्या खोलीचा नळ गळतो हे लिहून ठेवावंच लागतं. त्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं होतं: "मॉडेलांचं प्रदर्शन. चार तास. पाचच्या आत घरी."

प्रदर्शन नवऱ्यासाठी होतं. तो आयटीआयमध्ये वर्कशॉप शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून मागच्या पडवीत बसून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करतो. महिनाभर लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा त्याने एकच अट घातली होती, हे प्रदर्शन बघायचंच.

आत गेल्यावर तो दारातच थांबला. "गो, ह्या सगळा बघूक एक जन्म पुरूचो नाय."

"जन्म नाय, चार तास आसत. चला."

"आई, तू प्रदर्शन बघूक इलंस की हजेरी घेवक?" मुलगी म्हणाली.

एकामागून एक सहा हॉल. शेकडो टेबलं आणि त्यावर विमानं, रणगाडे, आगगाड्या, बंदरं, अख्खी गावं. हजारो माणसं फिरत होती, पण आवाज नव्हता. सगळे वाकून बघत होते आणि कुजबुजत होते, जणू शेजारी कोणी आजारी माणूस झोपला असावा. डिंकाचा आणि रंगाचा वास. एका टेबलावर बॉम्ब पडलेला रस्ता होता. तीन मजली घराची पुढची भिंत कोसळलेली, आत वरच्या मजल्यावर मांडलेलं जेवणाचं टेबल, त्यावर चार ताटल्या. माणूस कुठेच नाही. ताटल्या मसुराच्या डाळीएवढ्या. मी त्या मोजल्या, आणि मग पुढच्या प्रत्येक टेबलावर मोजायची सवयच लागली. या खिडकीत दोन बायका, त्या फलाटावर अकरा प्रवासी. जवळ जाऊन पाहिलं तर बहुतेकांना तोंडं नव्हती, फक्त कातडीच्या रंगाचा एक ठिपका. तरी ती आपल्याकडे बघतायत असं वाटत होतं.

जहाजं चौथ्या हॉलमध्ये. नवरा पुढे, मुलगी त्याच्यामागे, मी सर्वांत मागे. एका कोपऱ्यातल्या टेबलावर काचेची एकच पेटी होती, फार कोणी थांबत नव्हतं तिथे. आत समुद्र. लाट नाही, फेस नाही, तेलासारखा गुळगुळीत निळा-राखाडी समुद्र. त्यावर वीतभर लांबीची लाकडी होडी, मागे छोटी हिरवी केबिन.

पहिल्यांदा वाटलं, अरे, आपल्याकडली होडी. पुढच्या टोकाला बांधलेला नारळसुद्धा होता. मग केबिनच्या छपराकडे लक्ष गेलं. तिथे एक पत्र्याचा तुकडा ठोकलेला, आणि त्या तुकड्यावर अर्धं गुलाबी कमळ. उलटं.

ते कमळ कसं लागलं ते मला माहीत आहे, कारण खिळे माझ्या हातात होते. मी अकरा वर्षांची. माझ्या माहेरी, आचऱ्याच्या किनाऱ्यावर बाबांची होडी ओढून ठेवली होती. केबिनचं छप्पर गळायचं म्हणून बाबांनी तेलाचा डबा कापून त्याचा पत्रा वर ठोकला. डब्यावरचं कमळ मधोमध कापलं गेलं. आई खालून ओरडली, "उलटा मारलास! फूल उलटा इला!" बाबा तोंडात खिळा धरून म्हणाले, "माशांक खंय कळता, उलटा काय सुलटा?"

त्यानंतर आठ दिवसांनी ती होडी मासेमारीला गेली ती गेलीच. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आणि बरोबर गावातले चार खलाशी. एकूण पाच. वादळ नव्हतं. तो आठवडाभर समुद्र असा शांत होता की किनाऱ्यावरचे म्हातारे म्हणायचे, ह्या समुद्रात पोर पण बुडूचा नाय. पाचांतलं कोणी आलं नाही. वेंगुर्ल्यापर्यंत शोधलं, गोव्यात माणूस पाठवला. एक दोरीसुद्धा मिळाली नाही.

पुढच्या वर्षी बाकीच्या चारही घरांनी दर्भाचे पुतळे करून त्यांना अग्नी दिला आणि दिवसकार्य उरकलं. प्रेत मिळालं नाही तर तसंच करतात. आमच्या आईने करू दिलं नाही. "माका फळी दाखया," ती म्हणायची. "पाच माणसां आणि अख्खी होडी, आणि एक फळीय परत येवची नाय? फळी दाखया, मगे काय करूचा ता करा." भाऊ दर वर्षी विचारतो, ती दर वर्षी हेच म्हणते. ती अजून कुंकू लावते. गावात काही घरं तिला हळदीकुंकवाला बोलावतात, काही बोलावत नाहीत. कुठली बोलावतात याचीही यादी माझ्याकडे आहे, म्हणजे तिला चुकीच्या दारात न्यायला नको. आता ती अंथरुणाला खिळली आहे. मी निघायच्या आधी तिने हात धरून सांगितलं, "मी गेलंय तर माका हिरव्या लुगड्यातच न्हेवा. सवाष्ण म्हणान." लुगडं माझ्या कपाटात आहे.

मी नवऱ्याला हाक मारली नाही. तोच परत आला. त्याने आधी फळ्यांची जोडणी बघितली, कारागिराची नजर. "काय काम केल्यान ह्या माणसान!" मग माझ्याकडे बघितलं. "काय झाला गो?"

"ती बाबांची होडी."

तो हसला नाही. छपराच्या पत्र्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे.

टेबलामागे ती होडी बनवणारे म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसले होते. आम्ही भारतातले, त्यातून पश्चिम किनाऱ्यावरचे, हे मुलीने सांगितल्यावर ते उठून उभेच राहिले. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. एका दुपारी आमच्या किनाऱ्यापासून बरंच दूर ते मागच्या डेकवर बटाटे सोलत बसले होते. जहाजावरचे बाकीचे जेवत होते. तेव्हा ही होडी दिसली. त्यांच्याकडे नवा कॅमेरा होता.

"फार प्रेमळ लोक," ते इंग्रजीत म्हणाले. "हात हलवत होते. मीही हलवला. सोलणी हातात होती, तीच हलवली."

पेटीवर पितळेची पट्टी होती. मुलीने ती वाचून दाखवली: अरबी समुद्रातला नमस्कार.

होडीत तीन माणसं उभी होती, दोन्ही हात वर. बोटाच्या पेराएवढी. एक जण मागे सुकाणूपाशी बसलेला, त्याचा हात खाली. आणि मधोमध एक वल्हं सरळ उभं केलेलं, त्याच्या टोकाला लाल कापड बांधलेलं. आमच्याकडे होडीचं इंजिन बंद पडलं आणि माणसं वाहत चालली की वल्हं असं उभं करून त्याला कापड बांधतात. दुसऱ्या कशासाठी कोणी ते उभं करत नाही. मासे पकडताना नाही, सणाला नाही.

"किती वेळ हात हलवत होते?" नवऱ्याने विचारलं.

"खूप वेळ," म्हातारे हसून म्हणाले. "दिसेनासे होईपर्यंत."

मुलीने माझं कोपर धरलं. "आई, हे म्हणजे..."

मी मोजत होते. तीन उभे, एक बसलेला. परत मोजले. पेटीच्या दुसऱ्या बाजूने जाऊन मोजले, केबिनच्या आत डोकावून मोजले. चार. मी मुलीला विचारायला लावलं, पाचवा माणूस आत झोपलाय का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि टेबलाखालच्या लिफाफ्यातून मूळ फोटो काढला. रंग उडालेला, पण स्पष्ट. होडी, कमळ, वल्हं. माणसं चार. केबिनचं दार सताड उघडं आणि आत कोणी नाही. फोटोच्या मागे त्यांनी तेव्हाच तारीख लिहून ठेवली होती. होडी गेली त्यापासून सहावा दिवस.

सहाव्या दिवशी चार जण जिवंत होते. चौघांत बाबा होते की नव्हते? तोंडं साबुदाण्याएवढी, उन्हात काळवंडलेली. सुकाणूपाशी बसलेला माणूस बाबा असावा, कारण सुकाणू तांडेलाचं. पण तांडेल गेल्यावर सुकाणूपाशी दुसरा कोणी बसतोच. तो एकटाच हात हलवत नव्हता. तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता, आणि मी फोटो डावीकडे धरला काय, उजवीकडे धरला काय, तो माझ्याकडेच बघत राहिला.

"एक विचारायचं होतं," म्हातारे म्हणाले. "ते लाल कापड कसलं? इतकी वर्षं मला कोडं आहे. झेंडा का?"

मी तोंड उघडलं. नवरा माझ्याआधी बोलला. "शर्ट असेल. धुऊन वाळत घातलेला."

म्हातारे खूश झाले. टाळीच वाजवली त्यांनी. मग आम्ही त्याच किनाऱ्यावरचे म्हणून त्यांनी फोटो मला देऊन टाकला. त्यांच्याकडे त्याची आणखी एक प्रत होती. मी आभार मानले. दुसरं काय करणार होते!

बाहेर बाकावर बसून डबे उघडले, पण कोणी खाल्लं नाही.

"खोटा कित्याक सांगितलात?" मी नवऱ्याला विचारलं.

"म्हातारो माणूस. आता कळान काय करतलो? ऱ्हवलेली वर्सां सुखान काढूंदे तेका."

"आणि तीन माणसां हात वर करून उभी होती, त्येंचा काय?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मला त्याचा फार राग आला होता. साडेतीन वाजता आम्ही निघालो. उरलेले दोन हॉल बघायचे राहिले.

मालवणात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आचऱ्याला गेले. फोटो पर्समध्ये होता. वाटेत ठरवलं होतं कसं सांगायचं ते: आधी भावाला बोलवायचं, मग आईला उठवून बसवायचं, चष्मा द्यायचा, मग फोटो. आई जागी होती. कुंकू ताजं होतं.

"काय काय बघलंस गो थंयसर?"

"होड्यो बघलंय. खेळण्यातल्यासारख्यो, बारक्यो."

"आमच्यासारख्यो?"

"एखादी होती."

"लाकडाच्यो?"

मी पर्सची चेन उघडली होती. माझा हात लिफाफ्यावर होता. "प्लास्टिकच्यो," मी म्हटलं.

"मगे त्येंची फळी खंयची," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

बाकीच्या चार घरांतही आता म्हाताऱ्या झालेल्या दोन बायका आहेत. त्यांची माणसं सहाव्या दिवशीही हात वर करून उभी असतील, हे त्यांना माहीत नाही. बाजारात त्यातली एक भेटली तर मी हल्ली भाजीचा भाव विचारते आणि पुढे जाते.

फोटो कपाटात ठेवला आहे, हिरव्या लुगड्याच्या घडीत. वहीत मालवणात परतलो त्या दिवसाच्या पानावर सहा कामं होती. बॅगा धुऊन टाकल्या, परदेशातून आणलेली चॉकलेटं वाटली, दोन नंबर खोलीचा नळ बदलला, लेकीला पोचल्याचा फोन केला, गॅस नोंदवला. पाचांवर बरोबरची खूण आहे. सहाव्या ओळीत लिहिलंय: आईला फोटो दाखवणे. दर सोमवारी मी जुन्या पानावरचं राहिलेलं काम नव्या पानावर उतरवते. आजही उतरवलं.