पडद्याकडे पाठ

थिएटरात टॉर्च घेऊन लोकांना जागा दाखवायचं त्याचं काम, पण गाव त्याला ओळखायचं ते पाठमोरा म्हणून. शो सुरू झाला की तो पडद्याखालच्या दारापाशी, पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा. सिनेमा त्याच्या कानावर पडायचा, आणि दिसायची ती माणसं. हलत्या उजेडात ओळीनं मांडलेले चेहरे. पाण्यावर ढगाची सावली सरकावी तसा सिनेमा त्या चेहऱ्यांवरून सरकत जायचा, आणि पाठमोरा तो तिथंच वाचायचा.

त्याची एक ठरलेली खूण होती. पडद्यावरून एखादा कलाकार निघून गेला आणि तरीही लोकांची नजर तो गेला त्या कडेलाच थांबून राहिली, की त्या कलाकाराचं नाव मोठ्या पुरस्काराच्या नामांकनांत येणार. नजर लगेच दुसऱ्याकडे वळली, तर नाही येणार. "निवडणारेही कुठल्या तरी खुर्चीतच बसतात," तो म्हणायचा. "त्यांना काही कपाळावर डोळे नसतात." दर वर्षी नावं जाहीर व्हायच्या आधी गावातले हौशी लोक त्याला गाठून विचारायचे, पेपरवाले फोन करायचे, आणि त्याचा शब्द खाली पडायचा नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

त्या वर्षी एका सिनेमात त्याच्या पोरीचं काम होतं. आईविना वाढलेली, नाटकांतून धडपडत वर आलेली पोर. भूमिका मोठी नव्हती. नायकाची धाकटी बहीण. पण दिग्दर्शकानं तिला सांगून ठेवलं होतं, नामांकन आलं तर पुढचा सिनेमा तुझ्यावर. आणि नेमकं त्याच वेळी इथल्या शाळेनं तिला नाटक शिकवायला बोलावलं. कायमची नोकरी. शाळेच्या मोठ्या बाईंना उत्तर ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हवं होतं, आणि नामांकनं जाहीर होणार होती त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"बाबा, तुम्हीच सांगा," ती म्हणाली होती. "दुसऱ्या कुणाला मी विचारणार नाही. येईल माझं नाव?"

"येणार," तो म्हणाला होता. घासही न थांबवता.

शाळेला उत्तर द्यायच्या दिवशी सकाळी तो सलूनमध्ये दाढीला बसला होता. गालाला साबण लावता लावता सलूनवाला म्हणाला, "काय पाठमोरे, यंदा घरातच नाव म्हणायचं. पोरगी पडद्यावरून गेली तेव्हा नजरा थांबल्या होत्या ना?"

पाठमोरा बोलायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला एकही चेहरा आठवत नाही. आठवत होती ती पोरच. दवाखान्याच्या बाकावर बसून भावाच्या शर्टाची घडी घालणारी, ती मोडून पुन्हा घालणारी, मग शर्ट छातीशी धरून दारातून निघून जाणारी. त्या खेळाला तो फिरला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून उभा राहिला होता. थांबली होती ती त्याची एकट्याची नजर.

"हलू नका, लागेल," सलूनवाला म्हणाला.

अर्ध्या दाढीनंच तो थिएटरात पोचला. मॅनेजर दारावरचं पोस्टर बदलून घेत होता.

"साहेब, पोरीचा सिनेमा आज एकदा लावा."

"कालच उतरवला ना. अर्धी दाढी विसरलास की फॅशन आहे?"

"मशीनमध्ये असेल अजून. दुपारच्या खेळाला लावा. पाया पडतो."

मॅनेजरनं त्याला नीट पाहिलं. "जन्मभर सिनेमाला पाठ दाखवलीस, आणि आता एकच दोनदा बघायचाय?"

"बघायचा नाही साहेब. बघितला तिथंच चुकलं."

मॅनेजरला त्यातलं काही कळलं नाही, पण दुपारी तशीही माणसं येत नाहीत म्हणून त्यानं लावला. थोडी माणसं आली. उन्हाला कंटाळलेल्या बाया, एक म्हातारं जोडपं, कॉलेजची पोरं. पाठमोरा आपल्या जागी उभा राहिला. बाकाचा प्रसंग आला तो आवाजावरून कळला. कापड चुरगळल्याचा आवाज, मग पावलं, मग दार. तो एकेका चेहऱ्याकडे असा बघत होता, जणू हात पुढे करून त्यांच्या माना धरून ठेवणार होता. दार वाजलं. म्हातारीनं नवऱ्याला काहीतरी विचारलं. पोरं मोबाइलकडे वळली. बाया नायकाकडे बघू लागल्या, जणू बाकावर कुणी बसलंच नव्हतं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना सिनेमा आवडत होता.

सिनेमा संपायची वाट न बघता तो घराकडे धावत सुटला. संध्याकाळ व्हायची होती अजून. शाळेला हो म्हणता आलं असतं.

पोर साडीला इस्त्री करत होती. "उद्या आत्या येणार आहे, शेजारचेही येतो म्हणाले. टीव्ही बाहेरच्या खोलीत घेऊ या का?"

"शाळेला कळवलंस?"

"दुपारीच. नाही म्हणून सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, मग दुसरीला बोलावते, ती केव्हाची वाट बघतेय." इस्त्री आडवी करत ती हसली. "तुमचं नाव सांगितलं मी. बाबा बघून आलेत म्हटलं."

तो दारातच उभा राहिला. "दाढी अर्धीच का केलीत?" तिनं विचारलं, तेव्हा तो आत जाऊन तोंडावर पाणी मारत बसला.

सकाळी बाहेरची खोली भरली. टीव्हीवरची बाई एकेक गट घेऊन नावं वाचू लागली. आत्यानं मांडीवरचा पेढ्यांचा पुडा आधीच सोडून ठेवला होता. सगळे टीव्हीकडे तोंड करून बसलेले, आणि पाठमोरा टीव्हीशेजारी भिंतीला टेकून, सवयीनं, लोकांकडे तोंड करून. सहायक भूमिकांचा गट आला तशी खोली गप्प झाली.

पोर टीव्हीकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. त्यानं मान फिरवायचा प्रयत्न केला, पण फिरवणार कुठं. पहिलं नाव वाचलं जायच्या आतच तिला काय ते कळलं होतं.

बाई नावं वाचत राहिली. ती संपली, पोरीचं नाव आलं नाही.

"बाबा," पोर हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पडद्याकडे बघत होता का?"

"हो."

ती उठली, आत्याच्या मांडीवरचा पुडा घेऊन नीट बांधला, आणि चहा टाकायला आत गेली. तिच्यामागं दार हळूच लागलं. लोकांनी आपापसांत बोलायला सुरुवात केली.

पाठमोरा त्या दाराकडे बघत राहिला.