गरम हवेची पेटी

अलिबागच्या त्या मोटार-मिस्त्रीला कुणी बिघाड सांगू लागलं की तो नुसता “हं, हं” करायचा आणि ऐकायचा मात्र मोटारीचंच.

आमच्या रावसाहेबांनी विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची मोटार विकत घेतली. तिच्यात थंडीसाठी गरम हवेची पेटी होती. ऐन वैशाखात रावसाहेबांनी कळ दाबली, तर पेटीतला पंखा फिरेना. दोष ड्रायव्हरचा, म्हणजे माझा ठरला. नोकरी जायची वेळ आली.

मिस्त्री आला. बॅटरीपासून तार चाचपत निघाला. जोड दिसला की सोडवायचा, टोक पत्र्याला टेकवून ठिणगी बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, “इथवर हाय.” कळीपुढे त्याला चिंधी गुंडाळलेलं एक तुटकं टोक सापडलं. ती चिंधी तो बराच वेळ न्याहाळत राहिला. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

“ही तार मीच तोडलेली हाय, रावसाहेब. साहेबाला इथं फार उकडायचं. ड्रायव्हरचा काय दोष न्हाय.”

“साहेब गोरा होता, त्याला उकडणारच,” रावसाहेब म्हणाले. “जोड.”

त्याने जोडली. माझी नोकरी वाचली, आणि अख्खा वैशाख मी ती घामाने निथळत केली. रेवसच्या रस्त्यावर मिस्त्री भेटला की हात पुसत अदबीने विचारायचा, “रावसाहेब, ऊब लागते ना?”

रावसाहेब कपाळ टिपत म्हणायचे, “उत्तम.”